पाच रेघा

आर्णीच्या पंचायत समितीत
कूलरमंदी पाणी नोतं,
नुसता पंखा गरम हवा फेकून राह्यला होता.
नागपूरच्या सरानं कागद वाटले
अन् म्हणे, "ताई, लाजायचं नाही.
स्वतःबद्दल पाच चांगल्या गोष्टी लिहा.
दहा मिनिटं."

नाव: बेबी दशरथ ठमके.
वय: बावन.
पाचवी पोरगी झाली तवा बापाजवय नाव उरलं नोतं.
नर्सबाईनं कार्डावर 'बेबी' लेहलं
ते तसंच राह्यलं, आता नातवंडं बी हासतात.
तरी त्या दोन ओयी मी झटक्यात भरल्या.

मंग आल्या पाच रेघा.

पह्यल्या रेघीवर पेन टेकवला.
शाईचा ठिपका झाला,
वरनात हयद पडल्यावानी पसरत गेला.

बाजूच्या शेवंतानं माह्या कागदात डोकावलं,
मी तिच्या.
तिचा बी कोरा.
"तू माहं सांग व, मी तुहं सांगतो."
मंग काय, तोंडाले कुलूपच नाई राह्यलं.
म्हटलं, तू अंगात ताप असून बी अंगनवाडी उघडतं,
पोट्ट्याइचे नाकं आपल्या पदरानं पुसतं,
अन् तुह्या हातचं चून खाल्लं
त् भांडखोर मानूस बी दोन दिवस गोड बोलते.
"बस व माय," शेवंता म्हणे,
"इतकी चांगली कोन असते?"
अन् खाली पाहून बसली,
जसं दुसऱ्याचं लुगडं कोनी तिले नेसवून देल्लं.

मंग तिची पायी.
"तू रडत्या पोट्ट्याले दोन मिनटात उगी करतं."
मी म्हटलं, त्यात काय? ते त् येतेच.

येतेच.

जे जमते त्याले आपन म्हंतो 'येतेच',
जे जमत नाई त्याले म्हंतो 'मी'.

सरानं पाच वाईट इचारले असते
त् कागद पलटवा लागला असता:
कायी. चौथी नापास. मोठ्यानं हासते.
दुधाची कॅन सांडली होती एकदा, शायेच्या ओट्यावर,
ते अजून पुसून राह्यली मी.
सासू म्हणे, हिच्या हाताले चव नाई.
सासू जाऊन अकरा वर्सं झाले,
तिचं म्हननं अजून चुलीजवय बसून हाये,
उठ म्हटलं त् उठत नाई.

तीस वर्सं झाले, मी पोरं तोलतो.
झोयी लटकवतो, रिकामी,
तिचं वजन पाहून काटा शून्यावर आनतो,
मंगच पोट्टं टाकतो तिच्यात.
नाई त् कापडाचं वजन पोराच्या नावावर चढते,
अन् सुकलेलं पोरगं धडधाकट दिसते.
माह्या झोयीत उलटंच झालं.
कोनाकोनाचे हात खालून काटा वर ढकलत राह्यले,
अन् मी दरवेळी हलकीच भरली.
कोनी शून्य पाह्यलंच नाई.
मी बी नाई.

"टाइम झाला, ताई."
मी एकच रेघ भरली:
'तोलाच्या आधी मी काटा शून्यावर आनतो.'
सरानं वाचलं, चष्मा वर केला.
"हे तर काम झालं, ताई. गुण लिहा."
मी म्हटलं, आता नाई सर, ऑटो जाते आमचा.
चार रेघा तशाच देऊन आली.

ऑटोत अकरा जनं. पऱ्हाटीचे उभे वावरं,
मदात एखादा पयस पेटलेला.
शेवंतानं माही बाही ओढली.
"चुनाचं खरं सांगतलं का व?"
"खरं."
नाल्याजवय आल्यावर पुन्हा,
"खरंच का?"
"खरंच व माय."
गाव दिसाले लागलं तवा तिसऱ्यांदा इचारलं,
हयूच, इंजिनाच्या आवाजात लपवून.

मी तिन्ही बार सांगतलं.
माहं, उगी करन्याचं,
मले बी इचाराचं होतं.
पन तोपर्यंत आमचा फाटा आला.